पूर्वदाराजवळचा रिकामा कोनाडा

फार मागची गोष्ट. ख्मेर देशात, म्हणजे आजच्या कंबोडियात, मोठ्या तळ्याच्या काठी एक गाव होतं, आणि गावात पाच शिखरांचं दगडी देऊळ होतं. एका राजानं ते शंकरासाठी बांधलं, पुढं त्याच्या नातवानं भिंतींतल्या कोनाड्यांत बुद्ध बसवले. गावाला त्यात काही वावगं वाटलं नाही. बाया पिंडीवर पाणी घालायच्या आणि जाता जाता बुद्धापुढं कमळ ठेवायच्या.

त्या गावात रित्थी नावाचा पाथरवट होता. त्यानं कोरलेल्या अप्सरेच्या गळ्यातल्या फुलांना वास यायचा, असं म्हणतात.

मग नवा राजा आला. त्याला बुद्ध नको होते. त्याच्या कारभाऱ्यानं देवळात येऊन सांगितलं, "एकूण एक बुद्ध काढून टाका. जो काढील तो राजाचा मुख्य पाथरवट."

बाकीच्या पाथरवटांनी छिन्न्या खाली ठेवल्या आणि गाव सोडलं. रित्थी मात्र पुढं झाला. "मी काढतो," म्हणाला.

कुठल्या बुद्धाची त्यानं पिंडी केली, कुठला नुसताच तासला. शेवटी पूर्वदाराजवळचा एक उरला. तो त्याच्या गुरूनं, ता वाननं कोरलेला होता. ता म्हणजे आजोबा. म्हाताऱ्याचे डोळे गेले होते, पण रोज सकाळी भिंत चाचपत तो यायचा आणि त्या चेहऱ्यावरून हात फिरवायचा. रित्थीनं तोही काढला.

दुसऱ्या दिवशी ता वान आला. त्याचा हात रिकाम्या कोनाड्यात फिरत राहिला. रित्थी दोन हात अंतरावर उभा होता.

म्हातारा हळूच म्हणाला, "फार सफाईनं काढलाय. कुठं टवका उडाला नाही. असा हात माझ्या एकाच शिष्याचा."

ता वान परत गेला, तो पुन्हा आलाच नाही. त्याच पावसाळ्यात तो वारला.

रित्थी मुख्य पाथरवट झाला. पण तो जे कोरी त्याची मान आपोआप खाली जाई. अप्सरेनं मान खाली घातली, राजदारावरच्या सिंहानंही घातली, असं म्हणतात. तेव्हा पद सोडून तो गावी आला आणि कोनाड्याखाली बसला. येईल त्याला सांगायचा, "इथं माझ्या गुरूचा बुद्ध होता. मी काढला. कुणी बळजबरी केली नव्हती. मला मोठं व्हायचं होतं." लोक आधी थुंकले. मग ऐकू लागले.

पुढं राजा बदलला. गाव म्हणालं, "ता रित्थी, आता परत कोरा."

"नाही," तो म्हणाला. "कोनाडा भरला तर मी काय केलं ते झाकलं जाईल."

तो कोनाडा अजून रिकामा आहे. भाताची कापणी झाली की गाव तिथं जमतं. एकेक जण आत हात ठेवून आपली चूक मोठ्यानं सांगतो. बाकीचे खाली बघून ऐकतात. ज्याच्याकडे सांगण्यासारखं काही नसेल त्यानं घरी थांबावं, अशी रीत आहे. अजून तरी कुणी घरी थांबलेलं नाही, असं म्हणतात.