ओटीचे माड

बायांनो, मुलांनो, हातातलं काम जरा बाजूला ठेवा. ठेवता येत नसेल तर हातात राहू दे, पण कान तेवढे इकडे द्या. सोनखारच्या मथुराकाकूंची ही गोष्ट.

फार वर्षांपूर्वी, खाडीवर पूल नव्हता आणि पलीकडच्या शहरात जायचं तर भरतीची वाट बघत धक्क्यावर बसावं लागे, तेव्हा सोनखार गावात मथुराकाकू राहत असत. घर लहानसं, अंगण सारवलेलं, दारात तुळस. घरात माणसं दोनच, काकू आणि दाजीकाका. लग्नात माहेरून आलेला पाळणा आढ्याला टांगलेला होता, पण त्यात काकू सुकवलेली कोकमं ठेवत.

काकूंनी केलं नाही असं व्रत नव्हतं. सोमवार झाले, शुक्रवार झाले, चतुर्थ्या झाल्या, एकादश्या झाल्या. दाजीकाका म्हणत, "लोक पंचांगात उपासाचे वार शोधतात, आम्ही जेवायचे शोधतो." उपास असो नसो, काकूंचे हात रिकामे म्हणून नसत. कापूस घ्यायचा आणि वाती वळायच्या. काकूंनी वळलेली वात एकदा लागली की समईतलं तेल संपलं तरी विझत नसे, असं म्हणतात.

आणि देवीपाशी मागणं एकच. "आई जाखाई, माझी ओटी भरू दे." वय गेलं, केस पांढरे झाले, तरी मागणं तेच. दाजीकाका हसत म्हणत, "अगो, आता त्या देवीला तरी लाज वाटत असेल."

काकू म्हणत, "वाटू दे तिला. मला नाही वाटत."

त्याच गावात शेवंती नावाची बावीस वर्षांची मुलगी होती. तिचा नवरा 'येतो' म्हणून बोटीवर गेला तो गेलाच. तीन वर्षं झाली, ना पत्र, ना निरोप. कुंकू लावलं तर बाया म्हणत, "कुणाच्या नावाचं गो?" नाही लावलं तर म्हणत, "जित्या नवऱ्याला मारतेस काय?" तिला सवाष्ण म्हणावं की आणखी काही, हे गावाला ठरवता येईना, म्हणून गाव तिला कुठेच बोलवेना. भावाच्या घरी पडवीत ती राही. पदरी बकुळ नावाची लेक, जेमतेम तीन वर्षांची. फणसाच्या पानांच्या पत्रावळी टाचून दोघींचं पोट भरी.

शेवंतीला अक्षर येत होतं. वडील होते तेव्हा त्यांनी शिकवलं होतं. ते विसरू नये म्हणून टाचता टाचता ती काडीनं पानांवर अक्षरं गिरवी. तिच्या पत्रावळीवर जेवलेल्या मुलांना पाढे लवकर पाठ होत, असं म्हणतात.

त्या साली पलीकडच्या शहरात बायकांना मास्तरीण करणारी शाळा निघाली. दोन वर्षांचं शिक्षण, संक्रांतीनंतर प्रवेश. शेवंतीचा जीव त्या शाळेत अडकला. पण वहिनी म्हणाली, "मास्तरीण होतेय म्हणे! पोर दिराला देऊन टाक, चार वर्षांत गुरं राखायच्या कामाला येईल. आणि तू जा मुंबईला धुणीभांडी करायला." नुसतं म्हणाली नाही, दिराला निरोपही धाडला. रविवारच्या होडीनं तो येणार आणि बकुळला घेऊन जाणार.

आता त्याच आठवड्यातला गुरुवार म्हणजे मार्गशीर्षातला शेवटचा गुरुवार. मथुराकाकूंच्या घरी व्रताचं उद्यापन. सात सवाष्णींची ओटी भरायची, ती दिवेलागणीच्या आत, आणि मग पानं वाढायची, असा काकूंचा नेम. सहा जणी आल्या. सातवी गंगूताई येईचना. तिची गाय अडली होती, आणि गाईला सोडून ती कशी येणार?

दिवस कलला. चुलीत ओली लाकडं लागली होती, घरभर धूर कोंदला. काकूंच्या पोटात सकाळपासून पाण्याखेरीज काही नव्हतं. डोळ्यांना धारा, डोकं गरगरतंय, आणि सारखा एकच धोशा, "आली का गो गंगू? आली का?"

इतक्यात मागच्या दाराशी पावलं वाजली. शेवंती पत्रावळी द्यायला आली होती. थंडी म्हणून तिनं बकुळला पोटाशी धरून पदरात गुंडाळलेलं. काकूंना धुरातून गंगूताईसारखा लुगड्याचा रंग दिसला, आणि त्या घाईघाईनं म्हणाल्या, "आलीस एकदाची! पदर धर, पदर धर आधी."

काकूंनी पाच ओंजळी तांदूळ घातले, खण घातला, हळकुंड, सुपारी आणि वर शेंडीचा नारळ. बकुळ पदरातच बसलेली. तिनं नारळाला दोन्ही हातांनी मिठी मारली आणि खुदकन हसली.

शेवंतीनं का नाही सांगितलं, असं विचारू नका. तीन वर्षांत तिच्या पदरात कुणी चिमूटभर तांदूळ घातला नव्हता. शेवटी हळूच म्हणाली, "काकू, मी गंगूताई नाही. मी शेवंती."

बाहेर बसलेल्या सहा जणी ताडकन उठल्या.

"अगो बाई! उद्यापन मोडलं!"

"काढून घ्या ओटी, काकू! अजून उंबऱ्याच्या आत आहे ती!"

काकूंनी डोळे पुसले. समोर भेदरलेली पोर, पदरात तांदूळ, तांदळात लेकरू, लेकराच्या मिठीत नारळ. त्यांनी शेवंतीच्या पदराचं टोक नीट खोचलं. मग म्हणाल्या, "भरलेली ओटी कुणी काढून घेतं काय गो? तुमच्या आयांनी हेच शिकवलं तुम्हाला? भरली म्हणजे भरली. जा शेवंती, हात धू आणि पानावर बस."

शेवंती पानावर बसली. पण बाकीच्या कुजबुजल्याच. गावावर कोप होईल, देवीला विचारलं पाहिजे. काकू म्हणाल्या, "विचारा की! मीही येते. इतकी वर्षं मीच तिला विचारतेय, एकदा तुम्ही विचारा."

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळं गाव जाखाईच्या देवळात जमलं. त्या गावची रीत अशी, की काही अडलं तर देवीला कौल लावायचा. गुरवानं मूर्तीच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या पाकळ्या चिकटवायच्या. उजवी आधी पडली तर होय, डावी पडली तर नाही.

गुरव म्हातारा आणि फटकळ. त्यानं गाऱ्हाणं घातलं, "आई, मथुराबायनं भरलेली ओटी तुला पावली असेल तर उजवा दे."

उजवी पाकळी टपकन पडली.

"वारा आला असेल," कुणीतरी म्हणालं. गुरवानं दार लावून पुन्हा पाकळ्या लावल्या. पुन्हा उजवी. "पाणी कमी लागलं असेल," आणखी कुणी म्हणालं. गुरव चिडला. त्यानं तिसऱ्यांदा पाकळ्या लावल्या आणि हात मागे घेतला मात्र, मूर्तीच्या गळ्यातला अख्खा हार सरकला आणि खाली येऊन बसलेल्या बकुळच्या मांडीवर जाऊन पडला, असं म्हणतात.

गुरव लोकांकडे वळून म्हणाला, "आई बोलली. आता तुम्ही बोलू नका."

काकू शेवंतीपाशी गेल्या. "खरं सांग पोरी, ओटीत तुला काय हवं होतं?"

शेवंती म्हणाली, "शाळा, काकू. आणि माझी बकुळ."

काकूंनी देवीकडे बघून हात जोडले. घरी जाताना दाजीकाकांना म्हणाल्या, "बघितलंत? उशीर केला तिनं, पण मुलगी दिली ती थेट नातीसकट."

रविवार उजाडला. होडी लागली. दीर उतरला, तो धक्क्यावर मथुराकाकू वाती वळत बसलेल्या. शेजारी शेवंती, तिच्या कडेवर बकुळ.

"पोर आमच्या घराण्याचं आहे," दीर म्हणाला. "द्या इकडे."

काकूंनी हातातली वात पुरी वळली आणि मग मान वर केली. "बस बाबा. एक विचारते. तुझ्या आईच्या ओटीत पडलेलं कुणी परत मागितलं होतं काय रे?"

"नाही. ओटीतलं कोण मागेल?"

"मग हे लेकरू गुरुवारी माझ्या घरी ओटीत पडलंय. तांदळात बसलेलं सात घरांनी पाहिलंय, आणि शुक्रवारी देवीनं होय म्हटलंय. आता ने तुझी छाती असेल तर."

दिरानं गावाकडे पाहिलं. गुरुवारी 'काढून घ्या' म्हणणाऱ्या सहाही जणी काकूंच्या मागे पदर खोचून उभ्या होत्या. तो ज्या होडीनं आला त्याच होडीनं परत गेला. भाडंसुद्धा नावाड्यानं दोन्ही वेळचं घेतलं.

पण शाळा अजून खाडीपलीकडेच होती. दोन वर्षं खायचं काय, राहायचं कुठे? तेव्हा गंगूताई पुढे झाली. "माझी ओटी हिला गेली ना? मग पहिला महिना माझा." तिची गाय सुखरूप व्याली होती, त्यामुळे ती खुशीत होती. तिचं ऐकून दुसरी म्हणाली, "दुसरा माझा." अशी महिन्याला एका घरानं ओटी भरायची ठरली. तांदूळ, कुळीथ, कोकम, खोबरं, आणि शाळेला द्यायचं ते खणात बांधून. ती होडीनं पलीकडे जायची.

शाळेच्या बोर्डिंगात लेकरू चालत नव्हतं. काकूंनी आढ्याचा पाळणा खाली उतरवला, कोकमं सुपात ओतली. "शाळेशेजारी खोली बघितलीय. हिला मी सांभाळीन. आईपासून लेकरू दोन वर्षं तोडायचं म्हणजे पाप."

दाजीकाका म्हणाले, "आणि मी गो?"

"तुम्हाला दोन हात आहेत. चूल घरातच ठेवून जातेय."

निघायच्या आधी शेवंतीनं ओटीचा नारळ काढला. काकूंना वाटलं फोडून प्रसाद वाटेल. तिनं खाडीच्या बांधावर खड्डा खणला, त्यात मीठ आणि राख घातली आणि नारळ लावला. काकू म्हणाल्या, "अगो, ओटीचा नारळ खायचा असतो."

"खाल्ला तर एक दिवस मला पुरेल, काकू," शेवंती म्हणाली. "लावला तर माझ्या मागून येणारीला पुरेल."

ती दोन वर्षं मोठी मौजेची गेली, असं म्हणतात. काकू पाळण्याच्या दोरीला झोका देत वाती वळायच्या आणि शेवंती मोठ्यानं धडे म्हणायची. ऐकून ऐकून बकुळला कविता आल्या आणि पन्नाशी उलटलेल्या काकूंना अक्षरं. पहिल्यांदा त्यांनी दुकानाची पाटी वाचली तेव्हा वाण्यानं खूश होऊन गुळाचा खडा दिला, पण काकूंना नेमका उपास होता. श्रावणात खाडी खवळायची, होड्या बंद व्हायच्या, तरी ओटी कधी चुकली नाही. ओटीची होडी आली की पाणी दोन हात मागे सरून वाट द्यायचं, असं म्हणतात.

इकडे दाजीकाका पिठलं शिकले. पहिलं पिठलं गंगूताईच्या गाईनंही हुंगून सोडलं. पण माणूस चिकाटीचा. दुसऱ्या वर्षी शेजारीपाजारी आपापलं ताट घेऊन त्यांच्या ओसरीवर येऊ लागले. काकू परत आल्या तेव्हा त्यांनी पहिला घास घेतला, दुसरा घेतला आणि म्हणाल्या, "आता हे काम तुमच्याकडेच असू द्या."

शेवंती मास्तरीण होऊन सोनखारच्याच शाळेत आली. होडीतून उतरली तेव्हा तिच्या कपाळावर काय आहे, काय नाही, हे कुणी पाहिलं नाही. पोरं तिच्या हातातली छडी बघत होती. ती छडी तिनं कधी वापरली नाही. बांधावरचा माड तिसऱ्याच वर्षी लगडला. एरवी माडाला त्याच्या दुप्पट वर्षं लागतात. त्याच्या नारळांवर पुढची बाई शिकायला गेली, पदरी दोन मुलगे असलेली. तिनंही आपल्या ओटीचा नारळ लावला. मग तिसरी. तिसरी सुईणपणाचं शिकून आली, आणि तिच्या हातून अर्ध्या गावाचा जन्म झाला.

मथुराकाकू कधी गेल्या ते कुणी नेमकं सांगत नाही. म्हातारपणी त्या शेवंतीच्या माडाखाली वाती वळत बसायच्या. एका संध्याकाळी वाती होत्या, काकू नव्हत्या. जाखाईला आपल्या समईसाठी त्यांच्याच हातची वात हवी होती, म्हणून तिनं बोलावून नेलं, असं म्हणतात. मार्गशीर्षातल्या शेवटच्या गुरुवारी त्या माडाच्या बुंध्याशी अजून एक ताजी वात सापडते. कुणी म्हणायचं, बकुळ ठेवत असेल. ठेवतही असेल. पण बकुळला जाऊनही आता कितीतरी वर्षं झाली, आणि वात काही चुकली नाही.

आता खाडीवर पूल झालाय. तरी त्या गुरुवारी सोनखारला जाऊन बघा. सगळ्या घरांच्या ओट्या जाखाईच्या देवळात येतात. लेकरू एकटीनं वाढवणारी आणि शिकायची इच्छा असलेली जी कुणी असेल, मग नवरा गेलेली असो, टाकलेली असो, लग्न न झालेली असो, तिचा पदर भरतात. कपाळ बघत नाहीत आणि जात विचारत नाहीत. लेकरू पदरात बसवतात, म्हणजे पुढे कुणी मागायला नको. बांधावरच्या माडांचे नारळ विकून येतं ते तिच्या फीला जातं. त्या दिवशी पिठलंभात पुरुषांनी करायचा, आणि बायांनी पंगतीत बसून नावं ठेवायची, हाही नेमच आहे.

प्रत्येक माडाला शिकून आलेल्या बाईचं नाव आहे. वारा सुटला की त्यांच्या झावळ्या पाढे म्हणतात. आणि रांगेच्या टोकाला एक खड्डा नेहमी खणून ठेवलेला असतो, मीठ आणि राख घालून तयार. गावातली मुलं धावताना त्याला वळसा घालून जातात. पाहुण्यानं विचारलं, हा कुणाचा, तर सांगतात, "येणारीचा."

जाखाई आई, जशी शेवंतीची ओटी भरलीस तशी तिचीही भर. आणि ऐकणाऱ्यांनो, घरी गेलात की एक ओंजळ तांदूळ बाजूला काढून ठेवा.