कुम्बाआजीचं कडं

पुण्याच्या दादासाहेब दाबक्यांना आफ्रिकेतले जुने दागिने जमवायचा नाद, आणि त्याची मिजासही तेवढीच. मालीतल्या एका खेड्यात कुम्बाआजीच्या मनगटातलं पितळी कडं पाहून ते दुभाष्यामार्फत म्हणाले, “आजी, इथे हे हरवेल. माझ्या काचेच्या कपाटात सुखरूप राहील. तिथे अशी तीनशे कडी आहेत.”

आजी म्हणाली, “त्यातलं एखादं तरी कुणाच्या हातातलं होतं, सांग बघू.”

दादासाहेबांना एकही नाव सांगता येईना.

“मग ती तीनशे हरवलीच की रे बाळा.” आजीने कडं कुरवाळलं. “हे माझ्या सांबाने स्वतः घडवून लग्नात माझ्या हातात घातलं. तू आमची नावं तेवढी ने.”

दादासाहेबांच्या कपाटात आज एक खण रिकामा आहे. नावांची चिठ्ठी फक्त त्याच खणावर आहे.