पळसाच्या टेकडीवरची पंगत

कोळशासाठी पळसाची अख्खी टेकडी पोखरली आणि उरलेल्या ढिगाऱ्यावर नुसत्या सुबाभळी लावल्या. तपासणीच्या दिवशी खाणीचे मोठे साहेब पाहुण्यांना छाती फुगवून म्हणाले, "जंगल जसं होतं तसं परत दिलंय!"

स्वयंपाकाला बोलावलेल्या मैनाबाई मडावीच्या अंगाचा तिळपापड झाला. गावातली लग्नं त्या पळसाच्या पत्रावळींवर जेवली होती.

पंगत बसली. मैनाबाईने साहेबांपुढे सुबाभळीचा मूठभर बारीक पाला भुरभुरला आणि वाफाळत्या वरणाचा डाव उचलला.

"अगं, पत्रावळ कुठंय?" साहेब खेकसले.

"जंगल जसं होतं तसं आहे म्हणालात, म्हणून पानं तिथूनच आणली, साहेब. मांडी सावरून बसा, वरण गरम आहे. वाढू?"