खारीचे ‘नाही’

एका जंगलात मोहाच्या झाडाखाली एका कोल्ह्याने कचेरी थाटली होती. ज्याला काम हवे आणि ज्याला कामाला जनावर हवे, त्या दोघांची गाठ घालून द्यायची, हा तिथला धंदा. कोल्हा हुशार, पण भारी उतावळा. जागा कोणतीही असो, समोर येईल त्याला बघून तो म्हणायचा, “चालेल!” की कचेरीतल्या बाकीच्यांनी माना डोलवल्याच. तिथेच नोकरीला असलेली एक खार मात्र उमेदवाराला दहा प्रश्न विचारायची, त्याचे काम स्वतःच्या डोळ्यांनी बघायची. म्हणून तिच्या हातून जागा भरायच्या कमी आणि बोलणी बसायची जास्त.

एकदा एक म्हातारी सांबरीण आली. म्हणाली, “वणव्याचे दिवस आलेत. टेकडीवर आग दिसताच धावत येऊन कळपाला सांगेल, असा निरोप्या द्या. पाडसं लहान आहेत हो.”

त्या दिवशी काम मागायला एकटे कासवच बसले होते. “कासव चालेल!” कोल्हा म्हणाला.

खारीला राहवले नाही. “चालेल हो, चालण्याबद्दल वाद नाही. पण धावणार कोण?”

कासवालाही हसू फुटले. कोल्ह्याचे मात्र पित्त खवळले. “फार शहाणी झालीस! आजच्या आज जागा भर, नाहीतर उद्यापासून इथे येऊ नकोस.”

 खारीच्या घरी दोन पिल्ले होती. पण पाडसेही कोणाची तरी पिल्लेच ना! ती सांबरिणीला म्हणाली, “आजी, तुमच्या कामाचं आज आमच्याकडे कोणी नाही. दोन दिवस द्या.”

झाले, नोकरी गेली. पण दिलेला शब्द थोडाच जातो? खारीने रान पालथे घातले, एक ससा शोधला, त्याला टेकडीवरून तीनदा पळवून पाहिले आणि मगच पाठवला.

आठच दिवसांत वणवा पेटला. धूर दिसताच सशाने धूम ठोकली. कळप वेळेवर नाल्यापार गेला. एकाही पाडसाला झळ लागली नाही.

सांबरीण तडक कचेरीत आली. “ती खार कुठे आहे?”

“तिला... काढलं,” कोल्हा चाचरला.

“मग आमच्या कळपाचं नावही काढा तुमच्या कचेरीतून!”

कोल्ह्याचे डोळे खाडकन उघडले. तो स्वतः खारीच्या ढोलीशी गेला. “बाई, चुकलो. परत ये.”

“येईन. पण मी नाही म्हटलं, तर ते नाहीच.”

कोल्ह्याने कान पकडले. दुसऱ्या दिवशी खार शेपटी उभारून कचेरीत शिरली आणि, सांगताना माझीही छाती फुगते मुलांनो, सगळी जनावरे उठून उभी राहिली. सर्वांत आधी उठला तो कोल्हा.

तात्पर्य : मान डोलवणारे पुष्कळ मिळतात, खरे बोलून ‘नाही’ म्हणणारा एक जपावा, त्याच्यामुळेच धंद्याची पत राहते.