ठकूबाईचा पत्रा

जांभळीला टांगलेला तो पत्रा बघताय ना, त्याला उगाच हात लावू नका. एकदा वाजवला की धुकं विरेपर्यंत थांबायचं नाही, असा आमच्या वाडीचा नेम आहे. तुमचे दोघे मागं राहिलेत, ठाऊक आहे मला. फोटो काढत रेंगाळू नका म्हणून बजावलं होतं, पण म्हाताऱ्याचं ऐकतो कोण! बसा जरा. अजून खिंड दिसतेय.

हा पत्रा विमानाचा. माझ्या आज्याच्या काळात, आषाढात, भर दुपारी ते पडलं म्हणे. तेव्हा या माळावर ठकूबाई आखाडे नावाच्या धनगरणीचं एकच घर होतं. धुक्यात म्हशी चुकल्या की आम्ही दारात उभं राहून ताट वाजवतो. म्हैस आवाजाच्या रोखानं घरी येते. त्या दिवशी डोक्यावर घरघर सुरू झाली. लांब जाई, परत येई. ठकूबाईनं विमान जन्मात पाहिलं नव्हतं, पण वाट चुकलेलं तिला आवाजावरून कळायचं. “कुणाचं तरी लेकरू चुकलंय,” असं सासूला म्हणाली आणि ताट घेऊन दारात उभी राहिली. ती वाजवत असतानाच समोरच्या कड्यावर मोठा दणका झाला. घरघर थांबली. तरी बराच वेळ ती वाजवतच होती.

मग सासू आतून म्हणाली, “ठके, तूच बोलावलंस त्याला कड्यावर.”

ठकूबाईनं वाजवणं थांबवलं. तिनं ताट पालथं घातलं आणि चुलीपाशी जाऊन बसली. आता विमानाला ताट कुठलं ऐकू जातंय? पण तिला हे सांगणार कोण!

तिसऱ्या दिवशी धुकं विरलं. दारापासून चाळीस पावलांवर विमानातला एक माणूस सापडला. पाय मोडलेला, जीव गेलेला. तो रांगत आलेली वाट गवतात दबून राहिली होती. कड्यापासून निम्म्या माळापर्यंत ती घराच्या रोखानं अगदी सरळ आली होती. तिथून पुढं नुसत्या घिरट्या. ताट कुठं थांबलं ते गवतच सांगत होतं म्हणतात.

ठकूबाई रडली, पण सासूला बोल लावला नाही. एवढंच म्हणाली, “आत्याबाई, बोलावलं त्यात पाप नव्हतं. थांबले, ते वाईट झालं.”

तिनं कड्याखालून हा पत्रा ओढत आणला आणि टांगला. पुढं जन्मभर, धुकं उतरलं की ती दगड घेऊन इथं उभी राही. तिचा हात भरून आला की सासू पुढं होऊन दगड घ्यायची, असं सांगतात.

आजही धुक्यात जो जवळ असेल तो वाजवतो. कुणी चुकलंय का, असं आधी विचारत बसत नाही.

ती बघा, खिंड बुडाली. उचला तो दगड. माणसं तुमची आहेत, पहिला ठोका तुम्हीच द्या. दमलात की माझ्याकडं द्या, मधे खंड पडू देऊ नका.