धाकटीच्या दोन लाइनी

यंत्रंही एकमेकांशी बोलत, त्या काळातली गोष्ट. कापसाच्या एका जिनिंग मिलमध्ये फोन जोडून देणाऱ्या दोन पेट्या होत्या. ऑफिसातल्या थोरलीकडे बाहेर फोन करायला चार लाइनी होत्या, गोदामातल्या धाकटीकडे दोन. दोघींना एका तारेनं जोडलं होतं.

एकदा थोरली म्हणाली, "माझ्या लाइनी भरल्या, की जादा फोन तुझ्याकडून पाठवत जाईन. चालेल ना?"

"तुझ्याच समज," धाकटी म्हणाली.

मग रोजच ऑफिसचे फोन धाकटीकडून जाऊ लागले.

एके दुपारी गोदामात कापसानं पेट घेतला. राखणदार रखमाजीनं बंबाला बोलवायला फोन उचलला. दोन्ही लाइनींवर ऑफिसचंच बोलणं चालू होतं.

"ताई, एक लाइन सोड! इथं आग लागलीय," धाकटी ओरडली.

"जरा थांब गं. साहेबांच्या मुलीच्या लग्नाची आमंत्रणं चाललीत. मध्येच कशी तोडू?"

धाकटीला स्वतः तोडता आलं असतं. पण शब्द दिला होता, म्हणून ती थांबली. रखमाजी "हॅलो, हॅलो" करत राहिला, मग फोन टाकून हातांनीच जळत्या गाठी ओढू लागला.

त्याचे दोन्ही हात भाजले. गोदाम गेलं, धाकटी तेवढी वाचली.

साहेब पाहणीला आले. "ऐन वेळी लागत नाही, तो फोन काय कामाचा?" म्हणत त्यांनी धाकटीला काढून टाकलं आणि तिच्या दोन्ही लाइनी थोरलीला जोडून दिल्या.

नव्या गोदामात फोन नाही. रखमाजीला सांगितलंय, "काही झालं तर ऑफिसात पळत ये."