घळीतला शिलालेख

एकदा एक विद्वान शिष्य आपल्या वृद्ध गुरूंना घेऊन एका नदीची घळ पाहायला निघाला. खरे तर गुरूंनी शिष्याला न्यायचे असते. पण या शिष्याचे नाव आता राजधानीपर्यंत पोहोचले होते आणि गुरूंचे गुडघे दुखत होते, म्हणून हा पुढे आणि ते मागे, असा उलटा क्रम पडला होता.

घळ मोठी अद्भुत होती. दोन्ही बाजूंना काळ्या कातळाच्या सरळसोट भिंती आणि मधून नदी. तिने गोटे फिरवून फिरवून खडकात रांजण कोरले होते, उभा माणूस मावेल एवढे. वर कपारीत आग्या मोहोळे लोंबत होती. एका भिंतीत भिक्षूंचे जुने लेणे होते आणि पाण्यापासून माथ्यापर्यंत खोदलेल्या, झिजून गुळगुळीत झालेल्या पायऱ्या होत्या. शिष्याने एकूण एक गोष्टीचे माप घेतले. रांजण किती हात खोल, पायऱ्या किती, लेण्याचे दार कोणत्या दिशेला, सारे वहीत उतरले. गुरुजी नुसते पाहत होते.

पायऱ्यांच्या पायथ्याशी पाच ओळींचा एक शिलालेख होता. तो पाहताच शिष्य हरखून गेला, कारण हा लेख आजवर कोणाच्याच नोंदीत नव्हता. त्याचा ठसा पंडितसभेपुढे ठेवला की बारा वर्षांच्या भटकंतीचे सार्थक होणार होते. त्याने लगेच कंबर कसली.

ठसा घेणे हे सबुरीचे काम. दगड घासून स्वच्छ करायचा, ओला कागद त्यावर थापायचा, कुंच्याने ठोकून ठोकून तो अक्षरांच्या खाचांत बसवायचा, सुकत आला की शाईची पुरचुंडी हलक्या हाताने वरून फिरवायची आणि पुरता वाळल्यावरच सोलून काढायचा. शिष्याचे पहिले दोन दिवस दोन ठसे बिघडवण्यात गेले. तिसऱ्या दिवशीचा ठसा मात्र असा काही उमटला की स्वारी स्वतःवरच खूश झाली. आता फक्त कागद वाळायचा होता.

तेवढ्यात शेळ्यांना पाण्यावर घेऊन आलेली एक धनगरीण त्यांना हाकारत घाईघाईने पायऱ्या चढू लागली.

"म्हाराज, पान्यात पाला आलाय. वर चला बिगीबिगी!"

शिष्याने मान वर करून पाहिले. आभाळात ढगाचा ठिपकासुद्धा नव्हता. "बाई, ऊन किती लख्ख पडलंय बघा तरी," तो हसून म्हणाला.

गुरुजी उठले. "चल रे."

"गुरुजी, कागद ओला आहे अजून."

"अरे, ऊठ म्हणतो ना!"

"घटकाभर फक्त. तुम्ही व्हा पुढे."

मग गुरुजींनी जे केले, ते पाहून शिष्याचा आपल्या डोळ्यांवर विश्वास बसेना. ते लेखापाशी आले, दगडावरचा ओला कागद त्यांनी टराटरा ओढून काढला, त्याचा चोळामोळा करून नदीत भिरकावला आणि मागे वळूनही न पाहता पायऱ्या चढू लागले.

ज्यांनी त्याला कधी पोथीच्या पानाचा कोपरा दुमडू दिला नव्हता, त्यांनीच हे करावे? त्याचा संताप उसळला. "गुरुजी! वेड लागलंय का तुम्हाला?" तो आयुष्यात पहिल्यांदाच गुरूंवर ओरडला आणि हातातले सारे तिथेच टाकून, जाब विचारायला त्यांच्या मागे धावला. दुखऱ्या गुडघ्यांचा तो म्हातारा त्या दिवशी असा काही चढत होता, की शिष्याने त्यांना गाठले ते थेट माथ्यावर.

त्याने त्यांची बाही धरली, आणि खालून आवाज आला.

वळणावरून तांबडे पाणी आले. त्यात मुळांसकट उपटलेली झाडे होती. बघता बघता रांजण गेले, लेख गेला, शाई, कुंचे आणि वही गेली, पायऱ्या एकेक करून बुडाल्या आणि पाणी लेण्याच्या दारात शिरले. शिष्याच्या हातात अजून गुरूंची बाही होती.

त्याने विचारले, "तुम्हाला कसं कळलं?"

"लेखात आहे ना. पहिल्याच दिवशी वाचला मी."

"मग मला सांगितलं का नाहीत?"

गुरुजी त्याच्याकडे वळले. "तू वाचला नसशील हे माझ्या मनातही आलं नाही रे! तीन दिवस तू त्या अक्षरांवर हात फिरवत होतास. आज माझ्या ध्यानात आलं, तेव्हा समजावत बसायला वेळ नव्हता. तुला ओढून आणण्याचं बळ माझ्यात नाही. कागद तिथे असेतो तू हलला नसतास आणि तो गेल्यावर रागाने तरी माझ्या मागे येशील, एवढं ठाऊक होतं. अरे, कोणीतरी जीव तोडून आपल्याला काही सांगत असतो आणि आपण त्याचं अक्षर किती सुबक आहे ते पाहत बसतो. त्या धनगरणीला एक अक्षर येत नाही. पण लेखातलं म्हणणं पिढ्यान् पिढ्या कानोकानी तिच्यापर्यंत पोचलं. तुला सगळी अक्षरं येतात, आणि तुझ्यापर्यंत पोचलं नाही."

पुराने बसला नव्हता एवढा धक्का शिष्याला या बोलण्याने बसला. घरी जाऊन निवांत वाचू, असेच तो म्हणत आला होता. ठसा तर गेला होता, पण तीन दिवस ठोकलेले एकेक अक्षर त्याच्या बोटांना पाठ होते. त्याने डोळे मिटले आणि चाचरत, एकेक ओळ, तो प्रथमच वाचू लागला.

"पाण्यात पाला दिसताच वर यावे... आभाळ पाहू नये... पाऊस डोंगरापलीकडे पडतो... या पायऱ्या त्यासाठीच खोदल्या..."

मग पाचवी ओळ आली.

"माझे दोन पुत्र खालीच राहिले."

त्याने दचकून डोळे उघडले. "नावं? गुरुजी, त्यांची नावं कुठे आहेत?"

"कोरलेली नाहीत. ती कोरायला बापाचा हात धजला नसेल," गुरुजी म्हणाले.

तेव्हा कुठे शिष्याला रडू फुटले.